क्रोमवर घरच्या घरी रंग : खाऱ्या वाऱ्यात टिकवायचा कसा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

वडिलांची हीरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल आहे, १९९० सालची. ते गुहागर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. बदली होईल त्या शाळेवर ही गाडी त्यांच्यासोबत गेली. धोपावे-दाभोळ फेरीबोट सुरू झाल्यावर तर आठवड्यातून दोन-तीनदा खाडी ओलांडायची. वारा असेल त्या दिवशी पाण्याचे तुषार थेट गाडीवर यायचे. घरी आल्यावर बाबा अंगावरचा शर्ट बदलायच्या आधी गाडीवर बादलीभर पाणी ओतायचे, हे मला लख्ख आठवतं.

इंजिन अजून दुसऱ्या किकला चालू होतं. दुखणं आहे ते क्रोमचं. लेगगार्ड, साडीगार्ड, मागचा कॅरियर, हेडलाइटची रिंग, सगळीकडे तपकिरी ठिपके पडलेत. लेगगार्डच्या वाकणावर तर क्रोमचे पोपडे सुटलेत, हात लावला की बोटाला लागतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी ते रंगवायला घेतलं. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, बाजारातून काळ्या रंगाचे दोन स्प्रे कॅन आणले, पडवीत गाडी लावून दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी इतकं सुरेख दिसत होतं की बाबा खुर्ची घेऊन समोर बसले. नवरात्रात वाकणाजवळ एक फुगा दिसला. नखाने उचलला तर उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी वीतभर पट्टी हातात आली. खाली क्रोम जसंच्या तसं चकचकीत, आणि जिथे आधी ठिपका होता तिथे तपकिरी पाणी.

पुन्हा क्रोम करून घेणं खर्चाचं आहे आणि त्यासाठी गाडी उघडून सामान बाहेरगावी पाठवावं लागेल. मला ते काळंच करायचं आहे, पण टिकाऊ. घरी जमेल का? गाडी विकायची नाही.

भरतीओहोटी

जमेल. पण रंगवण्याआधी एक करून बघा. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगाळून गोळा करा, साध्या पाण्यात बुडवून गंजाच्या ठिपक्यावर घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे जात नाहीत आणि वरवरचा गंज निघून येतो. माझ्या वेंगुर्ल्याच्या घरच्या स्कूटरची हेडलाइट रिंग याच्यावर पाच वर्षं तगली आहे. घासून झालं की पुसून कोरडं करायचं आणि गाड्यांचं मेण लावायचं.

पोपडे सुटलेल्या भागाला मात्र याचा उपयोग नाही. रिंग, आरसे, हँडल वाचत असेल तर वाचवा, सगळंच काळं करू नका. त्या काळातल्या गाडीला थोडं क्रोम हवंच.

लालमाती

साधा प्रायमर चालत नाही, इच प्रायमर आणा. त्यात अॅसिड असतं, ते धातूला चावून बसतं. मी कॅरियरला तेच वापरलंय. घासायचीही फारशी गरज पडली नाही.

गोडं_पाणी

दादा, मी रत्नागिरीत २२ वर्षं गॅरेजात रंगकाम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेट्रोलने पुसलंत तिथे निम्मं बिघडलं. पेट्रोल उडून जातं, तेलकटपणा मागे ठेवून जातं. उरलेलं निम्मं क्रोमच्या स्वभावात आहे. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अर्ध्याच्या आसपास असतो, बऱ्याचदा त्याहून पातळ. त्याच्या खाली निकेलचा थर, तो दहा-वीस मायक्रॉनचा. कधी त्याखाली तांबं, आणि मग लोखंड. चमक निकेलला घोटून आलेली असते. क्रोम तिला काळवंडू देत नाही एवढंच. क्रोमला हवा लागली की त्यावर स्वतःचाच एक घट्ट, न दिसणारा थर धरतो. म्हणून ते गंजत नाही, आणि म्हणूनच रंगालाही धरू देत नाही. काचेवर रंग दिल्यासारखं होतं.

मग गंज येतो कुठून? क्रोमला बारीक भेगा असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यातून खारं पाणी निकेलपर्यंत आणि निकेलच्या छिद्रातून लोखंडापर्यंत पोचतं. जस्ती पत्र्यावर ओरखडा गेला तर जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. क्रोम-निकेलचं बरोबर उलटं आहे. वरचे दोघे शाबूत राहतात आणि सगळी झीज त्या एका टाचणीच्या टोकाएवढ्या लोखंडावर येते. म्हणून खड्डा खोल जातो आणि वरचा पापुद्रा फुगून सुटतो. तुमच्या वाकणावर पोपडे आधी सुटले कारण वाकणात प्लेटिंग सारखं बसत नाही.

आता मीठ. जून लागला की बरणीतलं मीठ ओलं होतं ना? हवेत ओल साधारण पाऊण हिश्श्याच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे रात्री ओल तेवढी असतेच. तेच मीठ रंगाखाली राहिलं तर रंगातूनही पाणी ओढतं आणि फुगा येतो. तुम्ही किती भारी रंग मारला याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. सगळे भाग सोडवून घ्या; गाडीवर ठेवून रंगवलंत तर क्लॅम्पच्या आत मीठ राहणार. भांड्याचा साबण आणि गोडं पाणी, दोन-तीन वेळा. विहीर खाडीलगत असेल आणि पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, पिण्याचं पाणी घ्या. शेवटचं पाणी ओतल्यावर नीट बघा: पाण्याचे मणी बनले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं की स्वच्छ झालं.

मग घासणं. काळा वॉटरपेपर, १८० नंबरने सुरू करा, पाणी लावून. सुटलेला प्रत्येक पोपडा काढायचा. कडेला बोट फिरवल्यावर पायरी जाणवता कामा नये. जिथे निकेल उघडं पडतं तिथे किंचित पिवळसर झाक दिसते. क्रोम निळसर असतं. घाबरू नका, निकेलवर रंग क्रोमपेक्षा बरा बसतो. गंजाच्या खड्ड्यात तारेचा ब्रश. शेवटी ३२० नंबर. अंधारात टॉर्च तिरपी धरून बघा, कुठेही आरशासारखा ठिपका चमकला तर तिथून रंग सुटणार. घासणं कंटाळवाणं आहे, पण सगळा जीव याच कामात ओता.

लालमाती, तुमच्याशी एका बाबतीत असहमत. इच प्रायमरचं अॅसिड उघड्या लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला चावतं. क्रोमला ते जवळजवळ लागत नाही. तुमचा कॅरियर टिकला असेल तर बहुधा त्याचं क्रोम आधीच झडलेलं असणार. घासलेल्या क्रोमवर दोन डब्यांचा (प्रायमर आणि हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर सगळ्यात घट्ट बसतो, कारण तो ओरखड्यात शिरून कडक होतो आणि पाणीही कमी सोडतो. दोन्ही एकावर एक मारू नका. अॅसिडवाल्या प्रायमरवर इपॉक्सी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो नीट सुकत नाही. आणि इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरा होतो, त्यामुळे वरून रंग द्यायलाच हवा.

लालमाती

तुमचं बरोबर निघालं. आता जाऊन पाहिलं, माझ्या कॅरियरवर क्रोम नव्हतंच, नुसतं गंजकं लोखंड घासून घेतलं होतं. जिथे थोडं क्रोम राहिलं होतं, मागच्या आडव्या दांडीवर, तिथलाच रंग उडालाय. इतके दिवस मला वाटत होतं की तिथे सामान घासतं म्हणून गेला.

कुळागर

मला एक कळकळीने सांगायचं आहे. क्रोम पूर्ण काढून टाकायचे घरगुती उपाय सांगणारे व्हिडिओ बरेच दिसतात. कुणी संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये बुडवतं, कुणी कॉस्टिकच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडतं. कृपा करून हे करू नका. कॉस्टिक आणि वीज वापरली की क्रोम विरघळून पाणी पिवळं होतं. तो पिवळा रंग षट्संयोजी क्रोमियमचा, कर्करोग करणारा. ते पाणी ओतणार कुठे? आपल्या आगरात विहीर वीस पावलांवर असते, आणि जांभ्यातून पाणी चाळणीसारखं खाली जातं. एका लेगगार्डसाठी विहीर नासवू नका.

घासतानासुद्धा पाणी लावूनच घासा. निकेलच्या भुकटीने पुष्कळांना अंगावर खाज उठते. हातमोजे, नाकाला चांगला मास्क, आणि घासलेलं पाणी फडक्याने टिपून घ्यायचं, माडाच्या आळ्यात सोडायचं नाही.

गोडं_पाणी

ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी त्यात एवढंच घालतो: वरून जे दोन डब्यांचे चकचकीत क्लिअर (पारदर्शक लेप) येतात, त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवारताना साधा मास्क कामाचा नाही, दम्याचा त्रास कायमचा लागू शकतो. आमच्या धंद्यात असे लोक मी पाहिलेत. घरी ते फवारू नका. इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावा. लेगगार्डच्या गोल पाइपावर ब्रशच्या रेघा नंतर ४०० नंबरने घोटता येतात. वरचा रंग साध्या कॅनमधला चालेल.

सड्यावरून

अगदी उपयोगी धागा. माझी बुलेट आहे, किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. पुढच्या शॉकअपच्या पाइपांवर ठिपके आलेत. लेगगार्डबरोबर तेही काळे करून टाकू का? आणि सायलेन्सर?

गोडं_पाणी

शॉकअपचे पाइप अजिबात नाही! तो क्रोम शोभेचा नाही. जाड, कठीण क्रोम असतं ते, आणि ऑइल सील त्यावरून वरखाली सरकतं. रंग मारलात तर सील रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात रंग खरवडेल, तेल गळेल, ते चाकाच्या ब्रेकपर्यंत जाईल. ठिपके आले असतील तर सीलची धार त्यावरून जाऊन कापली जाते. बारीक पेपरने नुसते टोक मोडा, तेलाचा हलका हात फिरवा, आणि रबरी बूट मिळाले तर चढवा. खड्डे खोल असतील तर पाइप बदलणं किंवा पुन्हा कठीण क्रोम करून घेणं, दुसरा मार्ग नाही.

सायलेन्सरला साधा रंग जळून जातो. त्यासाठी सिलिकॉनवाला उष्णतारोधक रंग येतो, सहाशे अंशांपर्यंत टिकतो म्हणतात तसा. पण तो पक्का व्हायला थोडं-थोडं तापवून थंड करावं लागतं, आणि इंजिनजवळच्या वाकणावर क्रोमला धरून राहणं त्यालाही जड जातं. शिवाय सायलेन्सर आतून कुजतो. छोट्या फेऱ्यांत आत पाणी साचतं. बाहेरून रंगवून त्याचं आयुष्य वाढत नाही, दिसायला बरं एवढंच.

भरतीओहोटी

हेडलाइटच्या आतला चंदेरी भाग क्रोम समजून कुणी घासू नये, हेही लिहून ठेवतो. तो अॅल्युमिनियमचा नाजूक थर असतो, फडक्यानेसुद्धा निघतो. माझ्या भावाने एकदा पुसला, मग रात्रीची गाडी चालवणं बंद.

आणि चाकाच्या रिमला रंगवायचं असेल तर आऱ्यांच्या निपलवर टेप लावा. आटे रंगाने बुजले की चाक सरळ करणारा वैतागतो.

निळी_कार

माझा प्रश्न जरा वेगळा. कारच्या जाळीवरचं आणि दरवाजाच्या मुठीवरचं क्रोम काळं करायचं आहे. तेही असंच?

कुळागर

ते बहुतेक प्लास्टिक असतं, एबीएस, वर क्रोमचा मुलामा. चुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर लोखंड; नाही चिकटला तर बहुधा प्लास्टिक, पण जस्ताचं किंवा अॅल्युमिनियमचंही असू शकतं. मी माझ्या गाडीचं केलं आहे. जास्त घासायचं नाही, ४०० नंबरने नुसती चमक मारायची. रंगाचा थिनर प्लास्टिकवर ओतायचा नाही, मऊ पडतं. प्लास्टिकसाठी वेगळा पातळ प्रायमर मिळतो. आणि ज्यांना नक्की ठरत नाही त्यांनी काळं विनाइल चिकटवावं. दोन पावसांनी कड सुटते, पण काढलं की खालचं क्रोम जसंच्या तसं राहतं.

सड्यावरून

कणकवली तालुक्यात जानवली-वागदे भागात क्रोमाइट सापडतं, हे मला शाळेच्या भूगोलातून आठवतं. ज्या मातीत क्रोम आहे तिथेच ते टिकत नाही! आमच्या मालवणच्या मेस्त्रीने गाडी बघून एकच वाक्य सांगितलं होतं: "खारो वारो लागता, क्रोम खय टिकतला?" इतके दिवस मीही तेच मानत होतो. आता या धाग्यावरून लेगगार्डला हात घालतो. शॉकअप तसाच ठेवला, रबरी बूट मागवलेत.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका: रंगवायचं कधी? पावसाळा गेला, पण पहाटे अंगणातल्या गाडीची सीट दंवाने निथळत असते.

गोडं_पाणी

शाळेत शिकलो ना, दिवसा खारे वारे, रात्री मतलई. रंगाऱ्याने ते पाळायला हवं. पौष-माघात सकाळी मतलई पडते, दंव सुकायला नऊ-साडेनऊ होतात, आणि साधारण अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुरू होतो. त्या दोन तासांत फवारा. लोखंडाला हात लावून बघा, हवेपेक्षा गार लागलं तर थांबा. गार लोखंडावर न दिसणारी ओल धरते. उन्हात अर्धा तास ठेवून मग सावलीत आणा. ओल्या हवेत मारलेला रंग दुधाळ पांढरा पडतो.

कॅन दोन मिनिटं हलवायचा, वीतभर लांबून, पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. जाड हात मारला की वरून सुकतो, आतून ओला राहतो. आणि आठवडाभर क्लॅम्प आवळू नका. हाताला कोरडा लागला म्हणजे कडक झाला असं नाही.

आधी कॅरियरच्या आतल्या बाजूला वीतभर तुकड्यावर सगळं करून बघा. चार दिवसांनी ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी निघून आल्या तर घासणं कमी पडलं.

खाडीकाठ

माघात काम केलं, जसं घडलं तसं लिहितो.

भाग सोडवायलाच दीड दिवस गेला. साडीगार्डचा खालचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता, रात्रभर डिझेल सोडून ठेवलं तेव्हा फिरला. क्लॅम्पच्या आत पांढरी खार साचली होती, नखाने खरवडली तर पिठासारखी निघाली. ती चाटून पाहिली. खारट. एवढी वर्षं बाबा बादल्या ओतत होते आणि ही आत बसून होती.

घासायला तीन सकाळी लागल्या. बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी मास्क लावून, खुर्चीत बसून साडीगार्डच्या जाळीच्या एकेका काडीला वॉटरपेपरची पट्टी गुंडाळून घासली, खराट्याची हीर सोलावी तशी. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाले, आईचा पाय इथे असायचा. आई जाऊन सहा वर्षं झाली. मग मी काही बोललो नाही. जाळी पूर्ण त्यांनीच केली.

पहिली चाचणी फसली. कॅरियरवर चौकटी कापून पट्टी ओढली तर निम्मे तुकडे चिकटून आले. त्या जागी टॉर्च धरली, क्रोम चमकत होतं. पुन्हा १८० नंबर, पुन्हा धुणं, पाण्याची चादर बघणं. दुसऱ्या वेळी एकही चौकट हलली नाही. त्यानंतरच लेगगार्डला प्रायमर लावला. हेडलाइट रिंग फॉइलने घासून तशीच ठेवली, भरतीओहोटी यांचं ऐकून. काळ्या गाडीवर ती एकटी चमकते.

गोडं_पाणी

बाबांना माझा नमस्कार सांगा. आता पावसाआधी एकदा, मेअखेरीस, सगळे सांधे धुऊन मेण लावा. खोबरेल चोपडू नका, आपल्याकडे पुष्कळजण लावतात. त्यावर जांभ्याची धूळ धरते आणि धूळ ओल धरून ठेवते.

खाडीकाठ

पाऊस संपला, म्हणून आज परत आलो. जूनपासून गाडी रोज बाहेर होती, फेरीबोटीतही चार वेळा गेली. लेगगार्ड, कॅरियर, जाळी, कुठेही फुगा नाही. वाकणावर नख घासून पाहिलं, घट्ट आहे.

एका जागी सुटलंय. साडीगार्डच्या खालच्या क्लॅम्पशेजारी, तांदळाएवढं. काल संध्याकाळी तो सोडवला तर आत पुन्हा पांढरी खार. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला मी प्रायमर लावलाच नव्हता, दिसत नाही म्हणून. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि वॉटरपेपर कुठे ठेवलाय विचारलं. उद्या दंव सुकलं की बसतो आहोत.